प्रश्न तुमचे: फोटोतला चेहरा आणि घरातला चेहरा

गेल्या अंकात फिल्टर आणि फोटो-एडिटिंगबद्दल प्रश्न मागवले होते. चवथीनंतर पत्रांचा ओघ वाढला. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) अख्ख्या घराचे फोटो निघतात आणि पुढे आठवडाभर ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत राहतात, त्याचा हा परिणाम असावा. पत्रं जवळजवळ सगळी बायकांची. त्यातले काही प्रश्न थोडक्यात इथे देत आहोत. नाव कुणाचंच छापलेलं नाही. उत्तरं त्वचाविकार, समुपदेशन आणि छायाचित्रण या तीन कामांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: मी २४ वर्षांची, पणजीत नोकरी करते. आरशात माझं नाक ठीक वाटतं, सेल्फीत मात्र बटाट्यासारखं दिसतं. फिल्टर लावला की बारीक होतं. नाकाचं ऑपरेशन करून घ्यावं असं वर्षभर मनात आहे. खरं कुठलं मानू, आरसा की फोन?

ऑपरेशनचा विचार थोडा बाजूला ठेव आणि आधी साधा हिशेब कर. नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १० सेंटिमीटर पुढे असतो, सगळ्यांचाच. फोन नाकापासून ३० सेंमीवर धरला की कान पडतात ४० सेंमीवर. त्यामुळे नाकाच्या मानाने कान पाऊणपट आकाराचेच उमटतात. चेहऱ्याचा मधला भाग पुढे फुगतो, कडा आक्रसतात. तोच फोन दीड मीटरवर ठेवला तर नाक १५० आणि कान १६० सेंमीवर, फरक जेमतेम सहा टक्के. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच गणित मांडून दाखवलं होतं: दीड मीटरवरच्या फोटोच्या तुलनेत ३० सेंमीवरच्या सेल्फीत नाक चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. महागडा फोन घेऊन हे सुटत नाही, कारण हा खेळ अंतराचा आहे.

आरशात नाक ठीक का दिसतं तेही यातच आलं. आरशापासून तू अर्धा मीटर लांब उभी राहिलीस तर आतली प्रतिमा तुझ्यापासून एक मीटरवर असते. म्हणजे आरसा तुला साधारण तेवढ्या अंतरावरून दाखवतो, जेवढ्यावरून टेबलापलीकडचा माणूस तुला बघतो. ३० सेंमीवरून आपल्याला फक्त कडेवरचं मूल बघतं.

आता पडताळून बघ. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून उभी राहा; थेट ऊन अंगावर नको. फोन मैत्रिणीच्या हातात दे. तिने दोन मोठी पावलं मागे जावं, मागचा कॅमेरा तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा, झूम २एक्सवर ठेवावा, ब्यूटी आणि पोर्ट्रेट दोन्ही बंद करावं. पाच-सहा फोटो. मग त्याच जागी, त्याच उजेडात, तू स्वतः सेल्फी काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ. मैत्रिणीने काढलेला फोटोही थोडा परका वाटेल. आरशात आपण उलटे दिसतो, भांग आणि तीळ दुसऱ्या बाजूला असतात, आणि जन्मभर तीच बाजू बघून डोळा तिला सरावलेला असतो. परका वाटला म्हणून फोटो वाईट ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. फिल्टर लावलेली स्वतःचीच सेल्फी घेऊन 'मला असं करा' म्हणत रुग्ण येऊ लागले, हे २०१८च्या सुमारास प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ उघडपणे लिहू-बोलू लागले. त्याला 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' असं नावही पडलं. फिल्टरमधलं नाक पडद्यावर ओढून बारीक केलेलं असतं, त्याला हाड-कूर्चा नसते. तसं नाक कापून करता येत नाही, आणि करायला गेलं तर श्वासाचा त्रास मागे लागू शकतो. तीन महिने फिल्टरची सगळी ॲप फोनवरून काढून टाक. तरीही इच्छा तशीच राहिली तर सर्जनकडे जा, पण सेल्फी दाखवू नकोस. जो डॉक्टर 'तुम्हाला हे का करायचंय' असं विचारतच नाही, तिथून उठून ये.

प्रश्न: वाळपईहून लिहिते. मुलगी १५ वर्षांची. फिल्टरशिवाय एकही फोटो काढू देत नाही. शाळेच्या ग्रुप फोटोच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहिली. 'अगं, ते सगळं खोटं असतं' हे हजारदा सांगून झालं. फोन काढून घेऊ का?

तुम्ही सांगता ते खरं आहे, आणि मुलीलाही ते ठाऊक आहे. अडचण अशी की ठाऊक असून टोचणी कमी होत नाही. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं तर तसं छापावं लागतं. नॉर्वेत जुलै २०२२ पासून इन्फ्लुएन्सरांनाही अशी खूण द्यावी लागते. हे कायदे योग्यच आहेत. पण 'हा फोटो बदललेला आहे' अशी चिठ्ठी फोटोवर लावून बघणारीचं वाईट वाटणं फारसं कमी होत नाही, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डोळा आधी तुलना करून मोकळा होतो, चिठ्ठी नंतर वाचली जाते.

म्हणून सांगू नका, तिच्या हातून करवून घ्या. फिल्टर काम कसं करतो ते आधी तुम्ही समजून घ्या. फोन चित्रात चेहरा शोधतो, त्यावर शेकडो अदृश्य ठिपके बसवतो (गुगलच्या एका प्रचलित पद्धतीत ४६८), ठिपके जोडून जाळी विणतो आणि जाळी ठरलेल्या ठिकाणी ओढतो: हनुवटी वर, गाल आत, डोळे मोठे. मग त्वचेचा प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांत मिसळून सपाट करतो; भुवया आणि ओठ यांच्या कडा तेवढ्या सोडतो. आता तिचा आवडता फिल्टर तिच्यावर, तिच्या बाबांवर आणि आजीवर लावा. तिन्ही फोटो एका रांगेत ठेवा आणि फक्त हनुवटीकडे बघायला सांगा. मिशीवाल्या बाबांना आणि सत्तरीच्या आजीला तीच टोकदार हनुवटी मिळालेली असते. हे तिने एकदा स्वतः पाहिलं की फिल्टर लावताना तिला आजीची हनुवटी आठवेल. मग व्हिडिओ चालू ठेवून तिला चेहऱ्यासमोरून बोटं सावकाश न्यायला सांगा. बऱ्याच फिल्टरांत बोटांच्या कडेला त्वचा थरथरते. नव्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या फिल्टरांत ती थरथरत नाही. तेही तिला दाखवा, नाहीतर 'हलला नाही म्हणजे खरा' असा उलटा समज होईल.

फोन काढून घेऊ नका. या वयात मैत्रिणी फोनातच असतात. फोन गेला की मैत्रिणी जातात, चेहऱ्याची काळजी मागेच राहते. वेळेवर मात्र हात घाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात १७ ते २५ वयाची, मनाने अस्वस्थ असलेली २२० मुलंमुली होती. त्यातल्या ज्या गटाने तीन आठवडे सोशल मीडिया रोज एका तासावर आणला, त्या गटाला आपलं दिसणं आणि वजन आधीपेक्षा बरं वाटू लागलं. तीन आठवडे ही मुदत मुलांना पेलण्यासारखी आहे. 'कायमचं बंद' म्हणालात तर पहिल्याच दिवशी भांडण.

बाकीची कामं एका संध्याकाळची. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ब्यूटी किंवा रीटच शून्यावर आणा. अनेक फोनांत ते दुकानातूनच चालू येतं, आणि मुलीला वाटतं की आपला 'साधा' फोटो हाच. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर पुन्हा शून्यापासून सुरू करायची सोय आहे, ती वापरा आणि मग दोन दिवस तिला तिच्या खऱ्या आवडीचं, चित्रकला, फुटबॉल, काहीही, मुद्दाम बघू द्या. फिल्टर एकाच ॲपमध्ये नसतात, हेही ध्यानात असू द्या. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर १४ जानेवारी २०२५ पासून बंद केले, तरी स्वतःचे ठेवले, आणि एडिटिंगची ॲप वेगळी आहेतच.

आणि घरातलं बोलणं. 'काळवंडलीस गं', 'किती सुटलीस', 'मावशीवर गेली, आईवर नाही' ही वाक्यं आपल्याकडे चवथीच्या पंगतीत प्रेमानेच म्हटली जातात. पंधराव्या वर्षी ती तशी ऐकू येत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधीच एकेकटं गाठून सांगा की तिच्या रंगाबद्दल आणि अंगाबद्दल काही बोलू नका. हे काम आईनेच करायचं, मुलीने नव्हे.

एक मात्र बारकाईने पाहा. दिवसातला तासाहून जास्त वेळ आरशात किंवा फोनात एकाच अवयवाची तपासणी, त्यापायी शाळा चुकवणं, जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन बसणं, 'मी जगून काय करू' असं काही बोलणं. यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही चालतो. बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) मुलीला नेण्यात कसलाही कमीपणा नाही. दिसण्याचा हा ध्यास एक ओळखलेला आजार असू शकतो आणि त्यावर बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही आहेत.

प्रश्न: फोंडा. डिसेंबरमध्ये माझं लग्न झालं. मी सावळी आहे. अल्बममध्ये दुधासारखी गोरी, हनुवटीवरचा तीळही गायब. सासरचे खूश आहेत, मला मात्र अल्बम उघडवत नाही. माझं काही चुकतंय का? आता काही करता येईल का?

तुमचं काहीही चुकत नाही. त्या दिवशी मांडवात तुम्ही बसला होता, आणि अल्बममध्ये दुसरीच कुणी बसवून दिली आहे. वाईट वाटणारच.

आधी नक्की काय केलंय ते शोधा. फोटोग्राफरशी बोलताना उपयोग होतो. केसांतल्या अबोलीच्या गजऱ्याकडे आणि हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघा. अबोली पिवळट किंवा गुलाबी झाली असेल, चुडा पोपटी दिसत असेल, तर पूर्ण फोटोचाच रंग आणि उजेड चढवलेला आहे. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत हे अनेकदा नकळत होतं: पिवळेपणा काढायला गेलेला माणूस त्वचेतला ऊबदार रंगही काढून टाकतो. पण अबोली अबोलीसारखीच आहे, चुडा गर्द हिरवा आहे आणि चेहरा तेवढा पांढरा, तर चेहरा वेगळा निवडून उजळलेला आहे. मग मान बघा, कानामागची जागा बघा, मेंदीचे हात बघा. गळ्यातल्या दागिन्यांखाली रंगाची सीमारेषा दिसते. मंगळसूत्राची वाटी किंवा मखराचा खांब कमरेजवळ किंचित वाकलेला असेल, तर अंगही आत ढकललेलं आहे. ज्या हत्याराने कंबर ढकलतात त्याने मागची सरळ रेषाही ओढली जाते.

चांगला रीटचर रंग आणि पोत हे दोन थर वेगळे करून फक्त रंगाचे डाग निवळतो, त्वचेची रंध्रं जागच्या जागी राहतात. एकेका फोटोला त्यात बराच वेळ जातो. लग्नाचे हजारभर फोटो असले की बहुतेक ठिकाणी एकच तयार सेटिंग सगळ्यांवर फिरवलं जातं, आणि ते सेटिंग तीळ म्हणजे डाग असंच धरतं. सावळी नवरी गोरी करून मागणारी गिऱ्हाइकंही असतात, त्यामुळे न विचारता तसं करायची सवय पडलेली आहे. फोटोग्राफरने वाईट हेतूने केलं असेल असं धरून जाऊ नका.

मूळ फाइली त्याच्याकडे अजून असतील, पण साठवण महाग पडते म्हणून काही जण काही महिन्यांनी पुसतात. म्हणून आजच निरोप पाठवा. असा: 'अल्बमच्या या दहा फोटोंच्या मूळ फाइलींवरून पुन्हा काम करून द्या. त्वचेचा रंग मूळ फोटोत आहे तोच ठेवा. फेस ब्राइटनिंग नको, लिक्विफाय (अंग ढकलून बारीक करणं) नको, तीळ आणि व्रण काढू नका. त्या दिवशीचा एखादा फोड काढला तरी चालेल. आधी दोन फोटो करून पाठवा, मी बघून सांगते.' पूर्ण अल्बम पुन्हा छापायचा तर खर्च मोठा येतो. मधली तीन-चार पानं बदलून मिळतात का ते विचारा, नाही तर हे दहा फोटो वेगळे छापून भिंतीवर लावा. नव्याने आलेले फोटो मोबाइलची ब्राइटनेस मध्यावर ठेवून, नाइट मोड बंद करून बघा. रात्रीच्या पिवळ्या पडद्यावर कुणाचाच रंग कळत नाही.

ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांनी ही अट ॲडव्हान्स देतानाच लिहून घ्यावी. मेकअप करणारीलाही तेच सांगा. चेहऱ्यावर दोन छटा उजळ फाउंडेशन बसलं तर पुढे फोटोग्राफरचा इलाज चालत नाही. छटा मनगटावर लावून न बघता जबड्याच्या कडेला लावून, दारात उजेडात जाऊन बघावी. मानेत मिसळली तर ती आपली.

प्रश्न: म्हापसा. स्थळांसाठी माझा फोटो काकीने स्टुडिओत उजळ करून घेतला आणि परस्पर पाठवला. बघायला आलेल्या माणसांची नजर आधी फोटोवर, मग माझ्यावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काय करू?

तो फोटो आजच मागे घ्या. ज्यांना गेलाय त्यांना नवा पाठवा, सोबत एक ओळ: 'आधीचा फोटो एडिट केलेला होता, हा ताजा आहे.' खुलासा लांबवू नका. दोन फोटो पुरतात, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उंचीचा. दोन्ही सकाळी किंवा चारनंतर बाल्कनीत, सावलीत उभं राहून, दीड ते दोन मीटरवरून काढलेले. वर ट्यूबलाइट असलेल्या खोलीत काढू नका; डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडतात आणि मग कुणाला तरी पुन्हा एडिटिंगची बुद्धी होते.

काकीला तुम्हीच सांगा, शांतपणे: 'तुला माझं भलं हवंय हे मला माहीत आहे. पण उजळ फोटो बघून येणारा माणूस मला बघायला येतच नाही.' काकीच्या पिढीने काळी मुलगी रडवेली आणि क्रीम लावून गोरी झालेली तीच हसरी, अशा जाहिराती बघतच आयुष्य काढलं. सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी दर्जाचं दाखवू नये, अशी मार्गदर्शक सूचना जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली काढली, आणि देशातल्या सर्वांत गाजलेल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला तो २०२० साली. फोटो बघून 'रंग कमी आहे' म्हणणारं स्थळ तिथल्या तिथे गळालं तर गळू द्या.

प्रश्न: पेडणे, वय ३८. बाळंतपणानंतर गालांवर वांग आले. काजूच्या हंगामात बागेत काम असतं. दुकानातून एक क्रीम आणलं, महिन्यात कातडी अगदी फोटोत करतात तशी काचेसारखी झाली. बंद केलं तर चेहरा लाल, आग होते, बारीक फोड. पुन्हा लावलं की बरं.

क्रीमची ट्यूब आणा आणि बारीक अक्षरांतली नावं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. सोबत बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. डॉक्टर हे मिश्रण वांगावर मोजके आठवडे, लक्ष ठेवून देतात. चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, मुरमं येतात. काचेसारखी चमक ही पातळ झालेल्या कातडीची चमक होती. बंद केल्यावरची आग हेच त्याचं लक्षण. ट्यूबवर काहीच नावं नसतील तर ती मुळीच लावू नका; काही बेनामी गोरेपणाच्या क्रीमांत पारा सापडलेला आहे आणि तो मूत्रपिंडाला घातक असतो.

ट्यूब पिशवीत घालून गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे याच आठवड्यात जा. स्टिरॉइड कसं कमी करायचं ते तेच ठरवतील. तोवर पार्लरमध्ये ब्लीच, फेशियल, स्क्रब काही नको. लिंबू, हळद, दही यांतलं काहीही नको. साधा सौम्य साबण आणि वास नसलेलं मॉइश्चरायझर, बस. पुन्हा दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

वांगाचं मूळ ऊन आणि हार्मोन. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या पूर्ण लांबीएवढं. मटारएवढं लावून भागत नाही, आणि बहुतेकींचं गाडं इथेच अडतं. घाम येतो त्या कामात दर दोन तासांनी पुन्हा. वांगाला दिसणारा प्रकाशही वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मिळालं तर जास्त बरं. बागेत रुंद काठाची टोपी हवीच, ओढणीने गाल पूर्ण झाकले जात नाहीत. पावसाळ्यातही थांबवू नका. उतार पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि उन्हात गेलं की वांग परत डोकावतात. रंध्रं मात्र कधीच जाणार नाहीत, जायलाही नकोत. त्यांतूनच त्वचेचं तेल वर येतं आणि ती कोरडी पडून फुटत नाही.

प्रश्न: डिचोली. आमचं फुगडीचं पथक आहे, वयं ३० ते ६०. व्हिडिओ टाकणारी मुलगी सगळ्यांवर फिल्टर लावते. सगळ्या एकसारख्या दिसतो. काहींना आवडतं, काहींना लाज वाटते. काय ठरवावं?

ज्यांना लाज वाटते त्यांचं धरावं. एकीचाही नकार असेल तर पथकाच्या व्हिडिओला फिल्टर नाही. ज्यांना हवा त्यांनी स्वतःच्या एकटीच्या फोटोला लावावा. फुगडीत तो टिकतही नाही. गिरकीत चेहरा वळला, हात समोरून गेला की जाळी सुटते आणि दुसऱ्या क्षणी परत बसते, त्यामुळे गोरे-सावळे चेहरे लुकलुकत राहतात.

त्या मुलीला रागावू नका, तिला चांगलं चित्रण शिकवा. पथकापासून चार-पाच मीटर लांब, घराच्या पायरीवर उभं राहून, फोन आडवा धरून. चेहऱ्यांजवळ जाऊन फिरत चित्रण केलं की कडेच्या बायका रुंद दिसतात, आणि मग फिल्टर मागितला जातो. सूर्य तिच्या पाठीशी, पण उतरतीचा, पाचच्या सुमाराचा. एकदा कॅमेऱ्यात कुणाच्या तरी पदरावर बोट दाबून उजेड पक्का करून घ्यावा, म्हणजे गिरकीबरोबर चित्र उजळत-काळवंडत नाही. आणि चौकटीत पाय यायलाच हवेत. फुगडी पायांत असते.